दही लागण्याचं समीकरण

आमच्या घरात दही खाण्यापेक्षा दह्याची वाट पाहण्यात जास्त वेळ गेला, आणि त्याला कारण माझे बाबा. ते एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्राध्यापकांनी वरच्या मजल्यावर फळ्यावर जे सिद्ध करून टाकलेलं असे, ते खालच्या मजल्यावर गळक्या नळाशेजारी उभं राहून मुलांकडून खरं करून घ्यायचं. मुलं प्रयोग करत, बिंदू मांडत आणि मग एका बिंदूवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी रेघ ओढत सुटत. बाबा त्यावर तांबड्या शाईत लिहीत, "बिंदू जोडू नयेत. बिंदूंमधून जावे." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं की किराण्याच्या यादीवरसुद्धा चुकून लिहितील अशी आईला भीती वाटे. स्वतःचा म्हणून एकही आलेख त्यांच्या नावावर नव्हता. कॉलेजच्या विज्ञान मंडळात रविवारी व्याख्यानं होत. तेव्हा पडदा ओढायला, दिवे मालवायला आणि पाण्याचा तांब्या भरून ठेवायला बाबा असत. व्याख्यान सुरू झालं की ते शेवटच्या रांगेत बसून ऐकत. घरी आल्यावर वक्त्याचं कुठे चुकलं ते आम्हाला सांगत. आम्हाला म्हणजे मला. आई तेवढ्यात काहीतरी फोडणीला टाके.

आम्ही कसबा पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. मागच्या बाजूला तांबटांची वस्ती, त्यामुळे सकाळी आठापासून तांब्यावर हातोडे पडायला लागत ते दुपारच्या जेवणापर्यंत. पाहुण्यांचं डोकं उठे. आम्हाला मात्र तो आवाज थांबला की चुकल्यासारखं व्हायचं. आई वारज्याची. तेव्हा वारजं म्हणजे शेतं, गोठे आणि पुण्याला येणारा एक खडबडीत रस्ता. दत्तूमामा, म्हणजे आईचा भाऊ, रोज सकाळी सायकलला किटली अडकवून म्हशीचं दूध घेऊन यायचा, उंबऱ्यात उभ्यानंच चहा घ्यायचा आणि "दाजी, काय म्हंतंय सायन्स?" असं विचारून निघून जायचा. लग्नानंतर आईनं पुण्याची भाषा अंगवळणी पाडून घेतली होती. शेजारणींशी ती अगदी पुस्तकी बोले, "आपण बसा, मी आलेच" वगैरे. पण राग आला किंवा हसू आवरेनासं झालं की तिचं वारजं वर यायचं. मला ती भाषा जास्त आवडायची, कारण त्या भाषेत ती खोटं बोलत नसे.

एका रविवारी बाबा जेवायला बसले आणि दही लागलेलं नव्हतं. पातेल्यात नुसतं आंबूस दूध. दिवाळी तोंडावर आली होती आणि हवा पालटली होती. "काल या वेळेला घट्ट होतं, आज का नाही?" बाबांनी विचारलं. "गारठा पडला ना," आई म्हणाली. दुसरा कोणी असता तर वरणभात कालवून मोकळा झाला असता. बाबांनी हातातला घास खाली ठेवला. किती गारठा पडला की किती उशीर, हे कोणी मोजलंय का, असं त्यांनी विचारलं. कोणी मोजलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी जुन्या बाजारातून आणलेला एक थर्मामीटर आमच्या ओट्याशेजारच्या खिळ्यावर लटकू लागला.

मग नियम आले. पातेलं ठरलेलं, चमचा ठरलेला, दूध कोमट म्हणजे किती कोमट तेही ठरलेलं. दही लागलं हे कशावरून म्हणायचं याबद्दल दोन दिवस वाद झाला. आईचं म्हणणं, ते दिसतं. दिसतं हे उत्तर प्रयोगशाळेत चालत नसल्यामुळे बाबांनी सुताराकडून एक लाकडी पाचर करून आणली. त्या उतारावर पातेलं ठेवायचं आणि कडेनं पाणी ओघळलं नाही तर लागलं म्हणायचं. बाबा दिवसभर कॉलेजात, मी शाळेत, पुढे कॉलेजात. त्यामुळे ही पाचरीची परीक्षा घेणार कोण, तर आई. संध्याकाळी चपला काढता काढता बाबा विचारत, "किती वाजता?" आई आतून वेळ सांगे. रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत मात्र निरीक्षण बंद. प्रयोगशाळेला तेव्हा सुट्टी असते हा नियम त्यांनी आमच्या स्वयंपाकघरालाही लावला होता.

शनिवारी दुपारी आलेख काढायचा कार्यक्रम असे. बाबांनी खास कागद आणला होता, ज्याच्या आडव्या रेघा वर जाताना एकमेकींच्या जवळ जवळ सरकतात. दर अंशामागे वेळ ठरावीक पटीनं कमी होत असेल तर या कागदावर बिंदू सरळ रेघेत येतील, असा त्यांचा हिशेब होता. मला त्यांनी त्या वयात समजावून सांगितलेली ही पहिली मोठी गोष्ट, आणि मला ती समजली याचा त्यांना माझ्या दहावीच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला. काळा दोरा घ्यायचा, एक टोक त्यांच्या चिमटीत, दुसरं माझ्या. तो बिंदूंवर ताणून धरायचा आणि एक डोळा मिटून पाहायचं, जितके वर तितके खाली आहेत ना. तशी जागा सापडली की श्वास रोखून पेन्सिलीनं दोन खुणा करायच्या. आता माझा नातू लॅपटॉपवर एक बटण दाबतो आणि सगळ्या बिंदूंतून नागमोडी जाणारी रेघ मला दाखवतो. "आजी, परफेक्ट फिट! एकही पॉइंट सुटला नाही." मी त्याला विचारते, उद्या आणखी एक बिंदू आला तर? तो म्हणतो, मग नवीन रेघ काढू. पोरगं हुशार आहे, पगारही माझ्या अख्ख्या नोकरीत मिळाला नाही इतका घेतं, त्यामुळे मी गप्प बसते.

आमचे बिंदू मात्र रेघेत यायला तयार नव्हते. मोहरी सांडावी तसे ते कागदभर पसरले होते. यात दह्याचा दोष नव्हता. थर्मामीटर खिळ्यावर, पण पातेलं काही खिळ्यावर नव्हतं. आई ते कधी शेगडीजवळ सरकवी, कधी भाकरी थापायला जागा हवी म्हणून खिडकीत उन्हात ठेवी, कधी त्याच्यावर ओलं फडकं वाळत घाली. बाबा कागदाकडे बघत आणि जेवणावरून अर्धवट उठत. त्यांचं रुसणं फार शिस्तीचं होतं. आवाज नाही, आदळआपट नाही, नुसते दोन घास कमी. "तू विरजण ढवळतेस की नुसतं सोडतेस?" असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा आईनं हातातलं लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि म्हणाली, "दही हाय ते. रेल्वे न्हाय."

तरीही बाबांनी त्या पसाऱ्यातून दोरा ताणलाच, रेघ काढली आणि तिच्यावरून एक कोष्टक करून ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलं. अमुक अंशाला अमुक वाजता. आणि नवल म्हणजे त्याच दिवशी दही बरोबर कोष्टकातल्या वेळेला लागलं. संध्याकाळी आईनं ती वेळ सांगितली तेव्हा बाबा एक चप्पल पायात ठेवूनच आत आले. त्यांनी थर्मामीटर पाहिला, कोष्टक पाहिलं, आईकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातानं सगळ्यांसाठी चहा केला. चहात साखर घालायची राहिली होती, पण तो आम्ही मुकाट्यानं प्यायलो. त्या दिवसापासून बिंदू सुधारले. दोन-चार मिनिटं इकडे, दोन-चार तिकडे, बाकी सगळे कसे रेघेला धरून. बाबांच्या मते हा शिस्तीचा परिणाम होता. सुरुवातीचे विखुरलेले बिंदू त्यांनी "सवय होण्यापूर्वीचे" म्हणून बाजूला काढले आणि उरलेल्यांवर रेघ अशी बसली की पाठ्यपुस्तकात छापावी.

ही गोष्ट कॉलेजात गेली. बाबांनीच सांगितली असणार, दुसरं कोण सांगणार? विभागप्रमुख सर, जे बाबांना नावानं हाक मारण्याऐवजी "अहो, जरा ते" एवढंच म्हणत, ते एक दिवस हसत म्हणाले, "तुमचं ते दह्याचं होऊन जाऊ द्या की एकदा मंडळात." त्यांनी ते गमतीनं म्हटलं असावं. बाबांनी लगेच तारीख मागितली. डेमॉन्स्ट्रेटरनं मंडळात व्याख्यान देणं हे तोवर कधी झालं नव्हतं. बाबांनी कोट धुवायला टाकला. रात्री झोपेत ते "सन्माननीय अध्यक्ष" म्हणाले असं आईनं मला सांगितलं. आम्ही दोघी तोंडावर पदर घेऊन हसलो, पण मला आतून भीती वाटत होती. शेवटच्या रांगेतला माणूस पहिल्यांदा पुढे उभा राहणार होता, आणि समोर बसणार होते ते सगळे ज्यांच्या चुका तो आयुष्यभर घरी येऊन सांगत आला होता. तिथे त्याचं हसं झालं असतं तर तो पुन्हा त्या मागच्या रांगेतही बसू शकला नसता.

व्याख्यानाला थोडे दिवस उरले असताना वारज्याहून निरोप आला की मामी गोठ्यात घसरून पडली, पाय मुरगळलाय. आई निघाली. मला परीक्षेपूर्वीची सुट्टी होती, म्हणून दही माझ्याकडे आलं. मी बाबांची लेक. चमचा मोजून घेतला, पातेलं एकाच जागी ठेवलं, दर थोड्या वेळानं पाचरीवर ठेवून पाहिलं. पहिल्या दिवशी कोष्टक म्हणत होतं चार वाजता. चार वाजता कडेनं पाणी. पाच वाजता पाणी. बाबा घरी आले, दिवेलागण झाली, मग कुठे ते घट्ट झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी कागद काढून माझे बिंदू मांडले. ते रेघेच्या वरच्या अंगाला लांब जाऊन बसले होते, पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखे. बाबा हसले. "हात बसायला वेळ लागतो, कुंदे," असं म्हणून त्यांनी माझे बिंदू "नवशिक्याचे" म्हणून बाजूला ठेवले. मला राग आला. पाचर तीच, थर्मामीटर तोच, आणि हात माझा कसला बसायचा होता? दही मी लावलं होतं, सतार नव्हे. आठवड्यानं आई परत आली, मी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसले आणि त्याच दिवशी दही कोष्टकाप्रमाणे लागलं.

मी पुढे जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. मुली विचारत, "मॅडम, रेघेबाहेरचा बिंदू दिसला तर काय करायचं?" मी त्यांना सांगे, खोडायच्या आधी तो कोणी मोजला ते विचारा, आणि रेघेवरचे कोणी मोजले तेही विचारा. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. त्या संध्याकाळी मी आलेखाकडे पाहत बसले आणि मला दिसलं की आई घरात असली की बिंदू रेघेवर असतात आणि आई वारज्याला गेली की पळतात. दह्याला आई कशी कळणार? मग राहिलं कोण?

आई मेथी निवडत होती. मी शेजारी बसून दोन-चार काड्या निवडल्या आणि विचारलं, "आई, दही खरंच चारला लागतं?"

"भिंतीवर काय लिहिलंय?"

"भिंतीवरचं नाही विचारत."

तिनं दाराकडे पाहिलं. "लवकर लागलं तर बोलायचं नाही, उशीर झाला तरी भिंतीवरचीच वेळ सांगायची. अगदीच ते घरी येईस्तोवर पातळ राहिलं तर गरम पाण्यात बसवायचं पातेलं. त्यात काय एवढं?"

"अगं, पण बाबा रविवारी हे सगळ्या प्राध्यापकांसमोर वाचणार आहेत! कोणी घरी करून पाहिलं तर?"

"प्राध्यापक कशाला दही लावतील?" ती म्हणाली, पण तिचे हात थांबले होते. मी म्हटलं, त्यांच्या बायका लावतील की. निवडलेली आणि न निवडलेली मेथी तिनं एकाच टोपलीत टाकली.

शनिवारी दुपारी बाबांनी बाहेरच्या खोलीत आम्हा दोघींना बसवून व्याख्यान म्हणून दाखवलं. आलेख मोठ्या कागदावर काढून कपाटाला टाचला होता. बाबा कोट घालून उभे. मला अजून आठवतं, त्यांनी आलेखाकडे हात केला आणि म्हणाले, "इतकी एकनिष्ठ रेषा निसर्गात क्वचितच आढळते." आईला तिथेच ठसका लागला. मी पाणी आणायला उठले तर तिनं मला हातानं खाली बसवलं.

"अहो, थांबा. ते निसर्गाचं नाही. माझं आहे."

बाबांना कळलं नाही. तिनं सगळं सांगितलं. कुठेही न सजवता सांगितलं आणि अर्ध्यावर तिची भाषा सुटली. "पहिल्या दिवशी खरंच लागलं हुतं वेळंवर. तुमी चहा केला. इतक्या वर्सात पहिल्यांदा केला. दुसऱ्या दिवशी न्हाई लागलं, तर माझ्या तोंडातनं खरं निघंना. तुमी दारातनं असं बघत हुता... मग एकदा बोलले ते बोलतच ऱ्हायले."

मागचे हातोडे जेवणाच्या वेळीच थांबले होते. बाबांनी कोट काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि जिना उतरून गेले. आई म्हणाली, "नदीवर गेले असतील." मला रडू येत होतं, तिचाही राग येत होता, आणि तिला एकटीला सोडून उठवतही नव्हतं. दिवे लागल्यावर ते परत आले. हातपाय धुतले. मग मला म्हणाले, "कुंदे, तुझे ते बिंदू कुठायत? आणि पहिले, मोहरी सांडलेले, तेही काढ." आम्ही बसलो. पहिले बिंदू निळ्या शाईत, आईचे काळ्या, माझे तांबड्या. ते प्रत्येक बिंदूवर थोडे थांबत होते. काम संपल्यावर त्यांनी आत पाहून विचारलं, "उद्या मी काय वाचू?" आई आतूनच म्हणाली, "जे झालं ते वाचा." मग थोड्या वेळानं, "मी येऊ का?" बाबा म्हणाले, "तू नाही आलीस तर प्रयोग अपुरा राहील." हे त्यांनी रागानं म्हटलं की लोभानं, ते मला तेव्हा कळलं नाही.

रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला होता. दह्याचं नाव ऐकून लोक आले होते, जरा हसायला मिळेल म्हणून. पडदा ओढायला कोणी नव्हतं, म्हणून बाबांनी आधी तोच ओढला, मग व्याख्यान सुरू केलं. आई आणि मी शेवटच्या रांगेत. ती नव्या पातळात ताठ बसली होती आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतत होती. बाबांनी फळ्यावर रेघ काढली, ती कशी निघाली ते सांगितलं, निळे बिंदू सांगितले, काळे सांगितले. काळे बिंदू रेघेवर कसे चपखल बसलेत यावर पुढच्या रांगेतून कौतुकाची कुजबुज झाली. तिथे थांबले असते तर टाळ्या पडल्या असत्या. ते थांबले नाहीत. तांबडे बिंदू दाखवले, आणि काळ्या बिंदूंच्या वेळा दह्यानं दिलेल्या नसून त्या घरातून मिळाल्या आहेत, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. कोष्टक भिंतीवर लावल्यावर मोजणाऱ्याला उत्तर आधीच कळतं, ही चूक माझी, मोजणाऱ्याची नाही, असंही म्हणाले. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसावं की नाही हेच त्यांना कळत नसावं.

विभागप्रमुख सर खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे दही तर तुम्ही मोजलंच नाही," ते म्हणाले. "मग इतके महिने या समीकरणानं नेमकं मोजलं तरी काय?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी सरांकडे नाही, थेट मागच्या रांगेकडे पाहिलं.

"माझ्या पत्नीचा सोशिकपणा, सर. आणि हाती असलेल्या नोंदींवरून तो तापमानावर मुळीच अवलंबून दिसत नाही."

आता मात्र हॉल हसला, आणि ते हसू वाईट नव्हतं. सरसुद्धा हसले. मला एकदम हलकं वाटलं. आणि तेवढ्यात माझं मनगट सुटलं. आई उठून उभी राहिली होती. सगळ्यांसमोर, पुण्याची भाषा विसरून, ती म्हणाली, "मे महिन्यात घ्येतलीच न्हाई नोंद तुमी."

हशा इतका झाला की दारात उभी असलेली मुलं आत आली. बाबा हसले नाहीत. ते फळ्याकडे वळले, खडू उचलला आणि रेघेपासून चांगला लांब, उजव्या कोपऱ्यात एक ठिपका दिला. आवाज शांत होईपर्यंत ते त्या ठिपक्याकडे पाहत राहिले.

"निरीक्षण बरोबर आहे," ते म्हणाले. "रेघ माझी चुकली."